वाचकांचे प्रश्न : वर्गात वाढवलेला मासा नदीत सोडताना

मागच्या अंकात मी आमच्या वर्गातल्या ट्राउट माशांबद्दल लिहिलं होतं. मी अमेरिकेत प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. हिवाळ्यात मत्स्यबीज केंद्रातून अंडी आणायची, वर्गातल्या टाकीत पिल्लं वाढवायची आणि वसंतात ठरवून दिलेल्या ओढ्यात सोडायची, असा हा उपक्रम आहे. १९५९ साली मिशिगनमध्ये स्थापन झालेली ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था आणि राज्यांची मत्स्यखाती मिळून तो अनेक राज्यांत चालवतात. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या शाळा सॅमन वाढवतात. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नातीच्या वर्गात अशीच टाकी आहे. तिच्याकडे राहायला आले तेव्हा मुद्दाम बघायला गेले, तर टाकी चारही बाजूंनी जाड फोमने झाकलेली, शेजारी घरघरणारं थंड करायचं यंत्र, आणि मुलांना थोडा वेळच आत डोकावायची परवानगी. मासे मुलांना दाखवायलाच आणलेत ना? मग पडद्यात कशाला? — एक आजी

आजी, हीच तक्रार माझी मुलं पहिला आठवडाभर रोज करतात. तुमच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत!

ट्राउटची मादी ओढ्याच्या तळाशी शेपटीने खडी उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. नराने ती फलित केली की वरून पुन्हा खडी लोटते. त्यामुळे अंडी वाढतात ती अंधारात, खडीच्या फटींतून खेळणाऱ्या गार पाण्यात. ट्यूबलाइटचा सततचा उजेड त्यांना सोसत नाही. अंडं फुटून बाहेर आलेलं पिल्लूसुद्धा सुरुवातीला उजेडापासून पळतं आणि टाकीच्या तळाशी कोपऱ्यात दाटी करून बसतं. म्हणून फोम. तो पाणीही गार ठेवतो, नाहीतर ते यंत्र दिवसरात्र थांबायचंच नाही.

गार म्हणजे १० ते १३ अंश सेल्सियस. वर्गाच्या हवेत टाकी तशीच ठेवली तर पाणी विशीच्या पुढे जातं. पाणी जितकं गार तितका त्यात प्राणवायू जास्त मावतो: १० अंशांना लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून थोडा अधिक, ३० अंशांना जेमतेम साडेसात. ट्राउट वाहत्या, थंड पाण्यातला मासा, त्याची प्राणवायूची भूक मोठी. त्यातून पाणी तापलं की त्याच्या शरीराला प्राणवायू लागतोही जास्त आणि मिळतो कमी, अशी दुहेरी अडचण होते.

तुमच्या नातीला एक विचारा: फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक आकडा लिहून बेरीज करतात का? बहुतेक करत असतील. अंडं कधी फुटणार हे कॅलेंडरवरून सांगता येत नाही, तापमानावरून येतं. रोजचं पाण्याचं तापमान मिळवत जायचं. रेनबो ट्राउटचं अंडं फलित झाल्यापासून ही बेरीज सुमारे ३१० ते ३५० झाली की फुटायला लागतं. पाणी १० अंशांवर असेल तर महिनाभर, ५ अंशांवर असेल तर दुपटीहून जास्त. अंडी शाळेत येतात तेव्हा साधारण निम्मी बेरीज केंद्रातच झालेली असते, तो आकडा ते सोबत पाठवतात. तिसरीच्या मुलांना बेरजेचा याहून चांगला गृहपाठ मला अजून सुचलेला नाही. यात उत्तर बरोबर आलं की टाळ्या मुलं वाजवतात, मी नाही.

अंडी आणतात तीही एका ठरावीक टप्प्यावर. फलित झाल्यावर पहिले काही दिवस गेले की अंडं इतकं नाजूक होतं की नुसत्या धक्क्यानेही आतला जीव जातो. पुढे नारिंगी अंड्यात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसू लागले की ते प्रवासाला तयार. मग ओल्या फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या गारव्यात, पाण्याशिवायसुद्धा येतात. वाटाण्याहून लहान अंडं, पण भिंग धरलं तर आतला जीव मधूनच गर्रकन फिरलेला दिसतो. मग मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात आणि फोमबद्दल कुणी बोलत नाही.

प्रश्न : मुलाच्या वर्गातली निम्मी पिल्लं महिन्याभरात मेली. तो रोज घरी येऊन आकडा सांगतो आणि जेवत नाही. शिक्षकांनी मेलेले मासे मुलं यायच्या आधी काढून टाकले तर काय बिघडेल? — एक वडील

मुलाला वाईट वाटतंय हे मला समजतं, पण लपवू नका असंच मी शिक्षकांना सांगेन. पहिलं कारण, मुलं मोजतात. कुणी सांगो न सांगो, मोजतातच. आकडा गुपचूप कमी झाला की टाकीपेक्षा बाईंवरचा विश्वास आधी उडतो.

आता मरण्याची कारणं. सगळी एका माळेत ओवू नका. अंडी असताना काही पांढरी पडतात, ती मेलेली. ती लगेच ड्रॉपरने उचलली नाहीत तर त्यांच्यावर बुरशी येते आणि कापसाळ धागे शेजारच्या चांगल्या अंड्यांना धरतात. इथे उचलणं म्हणजे बाकीच्यांना वाचवणं. काही पिल्लं जन्मतःच वाकडी असतात, गोल गोल फिरत पोहतात. त्यांच्यासाठी कुणालाच काही करता येत नाही.

बहुतेक मृत्यू होतात ते पिल्लं खायला लागतात त्या सुमाराला. तोवर पोटाखालच्या पिवळ्या पिशवीतलं अन्न त्यांना पुरतं. पिशवी संपत आली की पिल्लू तळ सोडून वर येतं, पृष्ठभागावर तोंड उघडून हवेचा घोट घेतं आणि त्या हवेने त्याचा पोहण्याचा फुगा पहिल्यांदा भरतो. त्याच दिवसांत बाहेरचा दाणा ओळखून तोंडात घ्यायला शिकायचं असतं. काहींना ते जमत नाही. अशी पिल्लं ओळखू येतात: डोकं मोठं, अंग बारीक, आणि खाण्याच्या भुकटीचा कण अगदी नाकाजवळून गेला तरी वळून न बघणारी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं झोपलंय. तीन-चार दिवसांत ते तळाशी आडवं असतं. ओढ्यातही असंच होतं, फक्त तिथे मोजायला कुणी नसतं.

निम्मी एकदम गेली असतील तर मात्र पाण्याची तपासणी करायला सांगा. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. शेवटचं बरंचसं निरुपद्रवी, पहिली दोन विषारी. हे जीवाणू नव्या टाकीत आपोआप नसतात आणि थंड पाण्यात फार सावकाश वाढतात, म्हणून टाकी अंड्यांच्या कितीतरी आठवडे आधी सुरू करावी लागते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही बघायला हवं. ते माशांनाही मारतं आणि या जीवाणूंनाही. पाणी उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, पण पुष्कळ शहरांत क्लोरामाइन घालतात, ते उडत नाही. त्याला औषधच घालावं लागतं.

आणि खाणं! मुलांच्या प्रेमाने जितके मासे मरतात तितके उपासाने मरत नाहीत. आमच्याकडे एक लहान चमचा दोरीने टाकीला बांधलेला आहे, त्या दिवशीच्या पाळीच्या मुलाशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. तुमच्या मुलाला त्या पाळीत घ्यायला सांगून बघा. नुसता आकडा ऐकणाऱ्यापेक्षा रोजचं अमोनिया मोजणाऱ्याला जेवण जास्त जातं, असा माझा अनुभव.

प्रश्न : मी चौथीत आहे. आम्ही मासे सोडले की ते मोठे होऊन परत येतील का? आणि आम्हाला ओळखतील का?

तू विचारलेल्या दोन्ही प्रश्नांवर मोठमोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं काम केलंय.

आधी परत येण्याचं. तुमचे मासे रेनबो ट्राउट असतील तर ते बहुधा ओढ्यातच राहतील. पण त्याच जातीतले काही मासे समुद्रात जातात आणि अंडी घालायला नदीत परत येतात. सॅमन तर नक्कीच. ते नेमकी आपलीच नदी कशी शोधतात, हे कोडं होतं. आर्थर हॅसलर नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९४०च्या दशकात आपल्या लहानपणीच्या डोंगरात फिरत होते. एक धबधबा अजून दिसतही नव्हता, तेवढ्यात गार वाऱ्याबरोबर शेवाळाचा आणि फुलांचा वास आला आणि त्यांना लहानपणचे मित्र आठवले. त्यांना वाटलं, माशालाही नदी अशीच वासाने आठवत असेल काय?

मग त्यांनी आणि वॉरेन विस्बी यांनी वॉशिंग्टन राज्यात एक गंमत केली. एका ओढ्याच्या दोन फाट्यांमध्ये आलेले कोहो जातीचे सॅमन पकडले. काहींच्या नाकपुड्या बोळ्यांनी बंद केल्या, काहींच्या तशाच ठेवल्या, आणि सगळ्यांना फाट्यांच्या खाली सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक सगळे आपापल्या फाट्यात बरोबर परत गेले. नाक बंद असलेले वाटेल तिकडे गेले. पुढे १९७०च्या दशकात मिशिगन सरोवरात छोट्या सॅमनना मॉर्फोलीन नावाच्या रसायनाचा किंचित वास दिला, आणि ते मोठे झाल्यावर एका नदीत तोच वास थेंबथेंब सोडला. जिथे ते कधीच राहिले नव्हते त्या नदीत ते मासे आले!

सॅमनचा हा वास पक्का बसतो तो मुख्यतः समुद्राकडे निघायच्या सुमाराला. म्हणजे तुझा मासा सॅमन असेल तर त्याच्या लक्षात ओढा राहील, तुमच्या वर्गाची टाकी नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

ओळखण्याचं म्हणशील, तर आर्चरफिश नावाचा एक मासा माणसांचे चेहरे ओळखायला शिकतो हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. तो तोंडातून पाण्याची पिचकारी मारतो, आणि शिकवलेल्या चेहऱ्याच्या चित्रावर बरोबर नेम धरत होता. ट्राउटला मात्र वर्गात एवढंच कळतं की झाकण उघडलं, सावली आली, म्हणजे खाऊ आला. ओढ्यात सावली म्हणजे बगळा किंवा खंड्या. तेव्हा त्याने तुला विसरणंच त्याच्या भल्याचं.

प्रश्न : आमच्या वर्गात गप्पी आणि गोल्डफिश आहेत. वर्षअखेरीस मुलांच्या हातून तेच नदीत सोडले तर? उपक्रम तोच, खर्च नाही. — एक शिक्षिका

नाही, बाई. कृपया नाही. नदीत नाही, तळ्यात नाही, विहिरीत नाही.

ट्राउटच्या उपक्रमातही मासा कुठला, त्याचे आईबाप कुठले, कोणत्या ओढ्यात कोणत्या दिवशी सोडायचा, हे सगळं परवान्यात लिहिलेलं असतं. ही सरकारी किचकट कामं वाटतात, पण त्यामागे फार महागात पडलेले धडे आहेत. डास खातो म्हणून गॅम्बुशिया मासा जगभर सोडला गेला. आज तो सर्वांत उपद्रवी परक्या शंभर जातींच्या प्रसिद्ध यादीत आहे. आणि त्याच यादीत आमचा लाडका रेनबो ट्राउटसुद्धा आहे, हे मी दरवर्षी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. मूळचा तो प्रशांत महासागराला मिळणाऱ्या नद्यांचा. गळाने मासे धरायच्या हौसेपायी तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत नेला. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात उंचावरच्या तळ्यांत मासेच नव्हते, तिथे ट्राउट सोडले आणि पिवळ्या पायांचे डोंगरी बेडूक भराभर कमी झाले. काही तळ्यांतून मासे काढले तेव्हा बेडूक परत वाढले. म्हणून अमेरिकेच्या पूर्वेकडे पुष्कळ ठिकाणी तिथला मूळचा ब्रुक ट्राउटच पसंत करतात, तर काही राज्यं प्रजननक्षम नसलेलेच मासे देतात.

मासा एकटा जातही नाही. टाकीचं पाणी, वनस्पती, गोगलगायी, रोगजंतू सगळं सोबत जातं. युरोपातून १९५०च्या दशकात अमेरिकेत आलेला एक परजीवी ट्राउटच्या पिल्लांच्या कूर्चा खातो, आणि पिल्लं शेपटीमागे गोल फिरत राहतात. २०२१ साली तर अमेरिकेत टाकीत ठेवायच्या शेवाळाच्या शोभेच्या गोळ्यांमध्ये झेब्रा शिंपले, म्हणजे झपाट्याने पसरणारे परके शिंपले, सापडले आणि दुकानांतून ते गोळे परत मागवावे लागले.

तुमच्या मुलांना खरंच नदीचं काम द्यायचं असेल तर मासे विसरा. आठवड्याला एकदा ओढ्याचं तापमान घ्या, दगड उलटून खालचे किडे बघा. काही कीटकांच्या अळ्या फक्त स्वच्छ पाण्यात राहतात. दगड उचलला तसा परत ठेवायचा, एवढीच अट. आणि मासेच वाढवून सोडायचे असतील तर आधी मत्स्यखात्याला पत्र. त्याच नदीतल्या आईबापांची पिल्लं ते देणार असतील, तर सुरू करा. ते नाही म्हणाले तर नाही.

प्रश्न : वर्षभर वीज जाळून शे-दोनशे पिल्लं सोडायची, त्यातली जगणार किती? मत्स्यखातं याहून कितीतरी जास्त मासे एका फेरीत सोडतं. नदीला याचा फायदा काय? — निवृत्त अभियंता

काका, माशांच्या संख्येचा म्हणाल तर जवळपास शून्य. हे शाळांनी मोकळेपणाने सांगावं, असं मला वाटतं. ‘आम्ही नदीत मासे वाढवतोय’ असे फलक बघितले की मला कसंतरीच होतं.

एक मादी आकारानुसार काहीशे ते काही हजार अंडी घालते. ओढ्यातल्या माशांची संख्या वर्षानुवर्षं साधारण तेवढीच राहत असेल, तर एका जोडीच्या सगळ्या आयुष्यातल्या पिल्लांपैकी सरासरी दोनच मोठी होऊन आईबापांची जागा घेतात. आमच्या पिल्लांना याहून जास्त संधी असण्याचं काही कारण नाही, कमीच असेल. बगळ्याची भीती त्यांना कुणी शिकवलेली नसते. काही ठिकाणी ओढा उन्हाळ्यात इतका तापतो की कुठलंच पिल्लू टिकत नाही, हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. अशा जागी सोडण्यापेक्षा मासे केंद्राला परत द्यावेत, असं माझं मत. सहकारी यावर माझ्याशी भांडतात.

मग करायचं कशाला? थंड पाणी म्हणजे काय हे मुलांना कळावं म्हणून. यंत्र बंद पडलं की तासाभरात तापमान चढतं, पिल्लं पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, मुलं पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत तरंगवतात. त्यानंतर ओढ्याकाठची झाडं तोडली तर पाण्याला काय होईल, हे मला शिकवावं लागत नाही. वर्गात कुणीतरी ते आपणहून विचारतं. विजेचा हिशेब तुम्ही मांडाच, चुकीचा नाही. माझ्या हिशेबात मासे उत्पन्नाच्या रकान्यात नाहीत, इतकंच.

प्रश्न : सुट्टीत माशांना खायला कोण घालतं?

शाळेचे शिपाई, एक उत्साही पालक आणि मी, पाळीपाळीने. एखादा दिवस चुकला तर मासे मरत नाहीत. दोन दिवसांचं एकदम घातलं तर मरतात.

प्रश्न : मुलांबरोबर मासे सोडायला पालक म्हणून जायचं आहे. काय लक्षात ठेवू? — एक आई

निघायच्या आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवायला शिक्षक विसरले नाहीत ना, ते हळूच विचारा. पोट रिकामं असेल तर वाटेत पाणी घाण होत नाही. मासे झाकणाच्या थंड पेटीत, बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपासह न्यायचे. बसमध्ये मुलं दर दोन मिनिटांनी झाकण उघडायला बघतील. तिथे तुम्ही बसा.

ओढ्यावर पोचल्या पोचल्या ओतायचं नाही. पेटीतल्या आणि ओढ्याच्या पाण्याचं तापमान मोजा. दोन-तीन अंशांहून जास्त फरक असेल तर ओढ्याचं पाणी मगाने थोडं थोडं पेटीत घालत जा, मधे थांबत. याला अर्धा-पाऊण तास लागतो आणि मुलं कंटाळतात, तेवढ्यात दगड उलटायला लावा. जागा निवडताना संथ, उथळ, काठाची, दगड किंवा मुळांचा आडोसा असलेली. मधल्या धारेत सोडलेलं बोटभर पिल्लू नुसतं वाहून जातं.

प्रत्येक मूल पेल्यात एक मासा घेऊन पाण्याशी बसतं. पेला उंचावरून उपडा करू देऊ नका, पाण्यात तिरका बुडवून धरायचा आणि मासा निघेपर्यंत थांबायचं. काही मासे लगेच जात नाहीत, पेल्यातच तोंड प्रवाहाकडे करून उभे राहतात. मुलांना वाटतं, त्याला जायचं नाही. तसं काही नसतं, ट्राउट वाहत्या पाण्यात असाच उभा राहतो. तुमच्या परवान्यात टाकीचं पाणी ओढ्यात जाऊ देऊ नये असं असेल, आणि पुष्कळदा असतं, तर पेल्याऐवजी लहान जाळी वापरा.

आल्यावर बूट धुऊन पूर्ण वाळवायचे. दुसऱ्या ओढ्यावर तेच ओले बूट घालून जायचं नाही. पेटीत उरलेलं पाणी परत आणून शाळेच्या झाडांना घाला, त्यांना ते आवडतं.